निळ्या टाइल्सचा संडास

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, फक्त संडास कुठला वापरायचा ते सांगितलं नाही.

त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता. आदल्या दिवशी दुपारपासून पावडर पाण्यात कालवून प्यायची, पोट पार धुऊन निघेपर्यंत जात राहायचं, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी पडायला लागलं की झालं. दुसऱ्या दिवशी खालून नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी. "घरीच करायचंय, अवघड काही नाही," म्हणत त्यांनी सूचनांचा कागद माझ्याकडे सरकवला. आता घर म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. आमचं घर म्हणजे सणसवाडीतली भाड्याची एक खोली. अशा आठ खोल्यांची रांग, मागं दोन संडास, त्यातल्या एकाचं दार खालून कुजलेलं. सकाळी पहिल्या पाळीची पोरं बादल्या घेऊन उभी, संध्याकाळी सुटलेली पोरं उभी, आणि टाकी रिकामी झाली की मालक गच्चीवरून विचारणार, "इतना पानी किसने गिराया?" तिथं मी दिवसभर धावत राहिले असते तर दुसऱ्या दिवशी साऱ्या सणसवाडीला कळलं असतं. त्यात मी खानावळ चालवते. डबेवाल्या बाईला जुलाब लागलेत असं एकदा पसरलं की त्या डब्याला कोण हात लावणार?

तपासणी करायची ती माझ्या थोरल्या बहिणीमुळं. रजियाआपा आठ महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेली. हा आजार रक्ताच्या नात्यात एकाला झाला की बाकीच्यांनी तपासून घ्यायचं असतं. चाळिशीला, नाहीतर त्या माणसाला ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा. आपाला चव्वेचाळिसाव्या वर्षी सापडला. म्हणजे आमची वेळ चौतिसाव्या वर्षीच होऊन गेली. मी अडतीस, भाऊ शाहनवाज बेचाळीस. दोघंही उशिराच निघालो.

डॉक्टरांनी मला आणखीही पुष्कळ विचारलं. तंबाखू, दारू, रोज मटण, वजन, दिवसभर बसून काम, शौचातून रक्त, उगीच थकवा. मी एकेकाला नाही म्हणत गेले आणि शेवटाला माझ्या लक्षात आलं की रक्त आणि थकवा सोडला तर आपानंही सगळ्याला नाहीच म्हटलं असतं. तिनं आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नाही. विड्या ओढणारे, रोज पिणारे, दिवसभर बसून खाणारे, असे डॉक्टरांच्या त्या सगळ्या प्रश्नांना हो म्हणणारे कितीतरी जण आपाच्या शिरूरच्या रस्त्यानं आजही मजेत फिरताहेत. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही.

आपा गेल्यापासून मला काहीच वाटेनासं झालंय. मातीच्या वेळी रडले नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी मला कळायचं नाही, डबा परत आला की पोरं सांगायची, "भाभी, आज नमक ज़्यादा था." मी सॉरी म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मिठाविनाच भाजी पाठवायचे.

शाहनवाज दौंडला राहतो, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पाळ्या करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय? घड्याळ लावून पोट साफ व्हतं माझं. तू करून ये, मंग बघू." भावाचं प्रेम असं की धाकट्या बहिणीला आधी विहिरीत उतरवून पाणी किती खोल आहे ते विचारणार.

माझा नवरा अफताब कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "शिरूरलाच तपासायचंय ना? मंग एक दिस आधी आपाच्या घरी जा. निखत हायेच. तितं रांग तरी न्हाई." निखत म्हणजे आपाची मुलगी, वीस वर्षांची, कॉलेजात जाते. अफताबचं बरोबर होतं. पण आपाच्या घरच्या संडासाची गोष्ट त्यालाही माहीत होती, म्हणून एवढं बोलून तो लगेच चपला शोधायला लागला.

ती गोष्ट अशी. आपाचे मिस्टर बद्रुद्दीन, आमचे दुल्हाभाई, टाइल्स बसवायचं काम करतात. शिरूरमध्ये ज्यांनी ज्यांनी घरात संडास-बाथरूम करून घेतलं त्यातल्या निम्म्यांच्या टाइल्स त्यांच्या हातच्या. दौंडपर्यंत कामाला जायचे. स्वतःच्या घरी मात्र परसाच्या टोकाला एक जुना संडास, तोही शेजारी राहणाऱ्या भावाच्या घराशी सामाईक. आपा माझ्यापाशी हसायची, "गावाच्या बुडाची सोय करनारा मानूस हाय बघ माझा. बायकू जाती पावसात छत्री घेऊन."

आजार सापडला तोवर तिला खाली बसलं की उठवत नव्हतं. पुण्यात ऑपरेशन ठरलं. मी तिच्याजवळ राहिले आणि दुल्हाभाईंनी इकडं मधल्या खोलीचा कोपरा काढून त्यात कमोड बसवायला घेतला. तिला सांगायचं नाही, घरी आल्यावर बघेल, असं मला फोनवर दोनदा बजावलं. निळ्या टाइल्स आणल्या, कारण तिला निळा आवडायचा. उठताना धरायला भिंतीत स्टीलची दांडी बसवली. दाराला आतून कडी मुद्दाम लावली नाही. ती आत पडली-बिडली तर दार चटकन उघडता यावं म्हणून.

ऑपरेशन सुरू झाल्यावर डॉक्टरांना आत जे दिसलं त्यावरून त्यांनी खालचा रस्ता कायमचा बंद केला. पोटाला भोक पाडून तिथं पिशवी लावली. मी दुल्हाभाईंना फोन केला तेव्हा ते टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि उरलेल्या फटी भरायला घेतल्या. काम अर्धं टाकायची त्यांची रीत नाही.

आपा घरी आली, तिला ते दाखवलं. तिनं दारातूनच टाइल्सवरून हात फिरवला. "छान बसवल्यात," म्हणाली, "कुटं उंच-सखल न्हाई." मग जाऊन पलंगावर पडली. त्या कमोडवर ती एकदाही बसली नाही, तशी वेळच तिच्यावर परत आली नाही. ती गेली, चाळिसावा झाला आणि दुल्हाभाईंनी त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. तेव्हापासून ते आणि निखत पुन्हा परसातच जायला लागले.

म्हणून मी मनाशी ठरवून गेले होते की कुलुपाचा विषय काढायचा नाही. परसातला संडास आहे, तेवढ्यावर भागवायचं. भागलं नाही तर तपासणी पुढं ढकलायची. आणि खरं सांगते, तपासणी पुढं ढकलायला मला एखादं चांगलं कारण मिळालं असतं तर मी ते हसत घेतलं असतं.

शिरूरला उतरून घरी पोचले तर दुल्हाभाई कामावर गेलेच नव्हते. खुर्चीवर बसून नखांत वाळलेलं सिमेंट टोकरत होते. निखतनं बिनदुधाचा चहा दिला. मला आदल्या दिवसापासून भाजी, डाळ, बिया काही चालत नव्हतं, आणि आता तर नुसतं पातळ. मी पावडर कालवली. सरबतात साखरेऐवजी मीठ पडलं तर जशी लागेल तशी तिची चव. खारटपणा मात्र मला बरोबर कळला.

"समदं प्यायचं?" दुल्हाभाईंनी विचारलं.

"समदं. आन् पहाटं परत."

"रजियाला बी दिलं व्हतं हे. तिला उलट्या झाल्या."

मी दुसरा ग्लास भरला.

पहिल्या दोन वेळा परसातलं जमून गेलं. तिसऱ्या वेळी मी धावत गेले तर दार बंद. आतून निखतची चाची, दुल्हाभाईंची भावजय, म्हणाली, "आत्ताच आले गं. जरा दम धर."

जो ती पावडर प्यायलाय त्याला दम धर म्हणू नये. मी परत घरात आले आणि मधल्या खोलीत भिंतीला धरून उभी राहिले. अशा वेळी माणसाच्या डोक्यात दुःख, आठवण, मरणाची भीती असलं काही नसतं, एवढं मी खात्रीनं सांगते. मला समोर फक्त ते कुलूप दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत होते.

दुल्हाभाई खुर्चीवरून उठले. कपाटातून किल्ली काढली, कुलुपात घातली. किल्ली फिरेना. त्यांनी ती काढली, तोंडात धरून ओली केली, पुन्हा घातली. कुलूप आतून गंजलं होतं.

"दुल्हाभाई, ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण माझे दोन्ही पाय एकमेकांत आवळलेले होते.

"निखत, हातोडा आन् छन्नी."

निखतनं आणून दिली. इतके महिने ज्या दाराला कोणाला हात लावू दिला नाही, त्याच्यावर त्यांनी छन्नी टेकवली आणि दोन घाव घातले. कुलूप कडीसकट खाली पडलं. त्यांनी दार ढकललं आणि बाजूला झाले. "जा," एवढंच बोलले. मी आत घुसले. कडी नव्हतीच, म्हणून निखतनं बाहेरून दार ओढून धरलं.

आत सिमेंटचा कोरा वास होता. कमोडच्या झाकणावर धुळीचा थर, कोपऱ्यात पांढऱ्या सिमेंटची रिकामी पिशवी. मी दांडी घट्ट धरली. ती एवढीशीसुद्धा हलली नाही. आपाच्या वजनाचा अंदाज घेऊन बसवलेली, तिला माझं काय ओझं होणार! उठल्यावर कळलं की पाणीच नाही. बाहेरून मी काही बोलायच्या आत दुल्हाभाईंची पावलं जिन्यावर वाजली. टाकीकडून येणारा कॉक त्यांनी बंद करून ठेवला होता, तो उघडला. नळ आधी नुसता खोकला, मग त्यातून गंजाचं लाल पाणी आलं, बऱ्याच वेळानं साफ आलं.

त्यानंतर मी दिवेलागणीपर्यंत त्या खोलीत किती वेळा गेले ते मोजलं नाही. निखत दाराबाहेर स्टूल टाकून, दाराला बांधलेली दोरी हातात धरून अभ्यासाचं पुस्तक वाचत बसली होती. आत बसून करायला काही नसतं, माणूस भिंतीकडे बघतो. टाइल्स खरंच सुरेख बसवल्या होत्या, ओळीत ओळ. फक्त दारामागची शेवटची ओळ, जी दारात उभं राहिल्यावर दिसत नाही, ती बघून मी थबकले. तिच्या फटी फासल्यासारख्या भरल्या होत्या, सिमेंट टाइलीवर पसरून तसंच वाळलं होतं, एका ठिकाणी बोटं उठली होती. माझा फोन गेला तेव्हा ते इथं बसले होते. मी त्या बोटांवर बोटं ठेवून पाहिली. वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. पोटात कळ आली, बस्स.

सकाळी निखत माझ्याबरोबर दवाखान्यात आली. सूचनांचा कागद देणारे ते पुण्याचे डॉक्टर ठरलेल्या दिवशीच तिथं येतात. मला मागं उघडा असलेला झगा घातला, कुशीवर वळवलं, हातात झोपेचं इंजेक्शन दिलं. मी म्हणाले, "मला सगळं कळंल का?" सिस्टर म्हणाल्या, "काही कळणार नाही." मी मनात म्हणाले, ते तर आठ महिने चाललंच आहे.

जाग आली तेव्हा डॉक्टर शेजारी उभे होते. "एक पॉलिप होता. आतल्या अस्तरावर आलेली गाठ, हरभऱ्याएवढी. तिथल्या तिथं काढून टाकली. तपासायला पाठवतोय, पण दिसायला तरी वाईट दिसत नाही."

"ऱ्हायली असती तर?"

"प्रत्येक गाठ बिघडत नाही. पण ज्या बिघडतात त्या अशाच सुरू होतात. बिघडायला वर्षं लागतात, पाच, दहा. म्हणून तर आधी बघायचं. आता तीन वर्षांनी परत या."

"माझ्या भनीचं बी असंच..."

"बहुतेक असंच सुरू झालं असणार," ते म्हणाले. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला नाही, जरा वेळ तिथंच उभे राहिले. तेवढ्यासाठी मी त्यांना संडासाचं माफ केलं.

घरी आल्यावर निखतनं मऊ भात टाकला. दुल्हाभाईंना मी सगळं सांगितलं, हरभरा, काढलं, तीन वर्षांनी परत. ते ऐकत होते आणि हाताचा अंगठा बोटांवर घासत होते. मग त्यांनी विचारलं, "रजियाचं बी असंच निगालं असतं का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. दवाखान्यापासून घरापर्यंत मी त्याचं खोटं उत्तर तयार करत आले होते. ते मला चांगलं जमलंही होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना.

"व्हय," मी म्हणाले. "आदी बघितलं असतं तर निगालं असतं."

"किती आदी?"

"पाच-सात वर्सं."

ते मान हलवत राहिले. "तवा तिला रगत पडायचं. मी दौंडच्या बाजारातनं मूळव्याधीची बाटली आनायचो. काळी बाटली. कामावनं येताना आटवनीनं आनायचो." आवाज अगदी सपाट होता, जणू कुठल्या दुकानातून सिमेंट आणलं ते सांगत होते. "ती म्हनायची, बरं वाटतंय."

"डॉक्टर बी मूळव्याधच म्हनला व्हता, दुल्हाभाई. न तपासताच म्हनला. कुनालाच ठावं नव्हतं."

"व्हय. ठावं नव्हतं." ते उठले आणि चपला घालून बाहेर गेले.

मी शाहनवाजला फोन लावला. तो पाळीवर निघाला होता. "दुखतं का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"न्हाई. झोप लागती."

"मंग?"

"गाठ सापडली. काढली. र्‍हायली असती तर आपाच्या वाटंनं गेले असते, असं समज."

पलीकडून कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता. घड्याळ लावून पोट साफ होणारा माझा भाऊ म्हणाला, "आता परत कवा हायेत ते डॉक्टर?" आणि जरा थांबून, "पर आमच्या रूमवर ते धुवायचं कसं जमायचं? तीन बिऱ्हाडांत एक संडास हाय."

"हितं ये," मी म्हणाले. "आपाच्या घरी आत संडास हाय."

दुल्हाभाई परत आले तेव्हा हातात हार्डवेअरच्या दुकानातली पुडी होती. त्यातून त्यांनी नवी कडी काढली. दारापाशी उकिडवे बसले, आतल्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली, ड्रिल लावलं. आतल्या बाजूला, जिथं त्यांनी आपासाठी मुद्दाम कडी लावली नव्हती. मी पलंगावर पडून बघत होते. निखत चुलीपाशी होती.

"निखतला कितव्या वर्साला करायचं म्हनले?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"चौतिसाव्या."

त्यांनी एक स्क्रू घट्ट केला, दुसरा घेतला. "लई लांब हाय. तवर मी असंन-नसंन. तिला घेऊन कोन जाईल?"

"मी जाईन की," मी म्हणाले.

सहज तोंडातून निघून गेलं. आणि मग मला ते ऐकू आलं. तेव्हा निखत चौतीस वर्षांची असेल, मी बावन्न. आपा जितकं जगली त्याच्याही पुढं मी जाणार, तिच्या पोरीचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढणार, असं मी आत्ता भाजी आणायचं कबूल करावं तसं कबूल केलं होतं. हरभऱ्याएवढी गाठ माझ्या पोटातून काढली होती आणि आपाची राहिली होती. दोघी एकाच आईच्या. मला एकदम तिचा फार राग आला, की एवढी वर्षं नुसतं बरं वाटतंय म्हणत का राहिलीस, आणि त्या रागापाठोपाठ जे आलं ते मला आवरेना.

दुल्हाभाईंनी कडी दोनदा सरकवून पाहिली, हत्यारं गोळा केली आणि उठले. माझ्याकडे एकदा बघितलं.

"जा," ते म्हणाले. "लागती का बघ नीट."

मी आत गेले. दार लावलं, कडी घातली, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसले आणि दांडीला धरून रडले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर निखत ताटं घेत होती, चाची परसातून काहीतरी विचारत होती, पण दारावर कोणी थाप मारली नाही.